टायर मोठे केले, आता ट्यूनर: पिकअपचा स्पीड आणि गिअर-शिफ्ट जुळवण्याची पद्धत

ऑटोमॅटिक पिकअपला एक-दोन साइज मोठे टायर टाकले की पहिल्या आठवड्यातच फरक कळायला लागतो. स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतो, म्हणून ॲव्हरेज घसरल्यासारखं वाटतं. आणि गिअरबॉक्स कधी शिफ्ट लांबवतो, कधी चढावर दोन गिअरमध्ये सारखा वर-खाली करतो. टायरवाला म्हणतो, “चालतंय साहेब, सगळे असेच चालवतात.” ट्यूनरवाला, म्हणजे गाडीच्या कंट्रोलरमधलं (इंजिन-गिअरबॉक्स चालवणाऱ्या छोट्या संगणकातलं) सॉफ्टवेअर किंवा ‘फाइल’ बदलून देणारा, म्हणतो, “फाइल टाकली की सगळं मक्खन.” दोघांच्या मधलं जे काम असतं, ते कोणी समजावून सांगत नाही. मुंबईत राहून हे सगळं करताना जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. हे पहिल्यांदा करणाऱ्याने क्रम मोडू नये, कारण बहुतेक घोटाळे क्रम मोडल्यामुळेच होतात.

पूर्ण लेखाचा गाभा आधीच सांगून ठेवतो. टायरचा खरा घेर आधी मोजायचा, ट्यूनरमध्ये (ही फाइल बदलणाऱ्या टूलमध्ये) आधी फक्त तोच आकडा बदलायचा, आणि वेग खरा झाल्यावरच शिफ्टला हात लावायचा. दोन्ही एकाच फ्लॅशमध्ये, म्हणजे फाइल एकदा गाडीत लिहिताना, केलं तर काय बिघडलं आणि कशामुळे, हे शोधता येत नाही.

१. साइज ठरवण्याआधी कागद बघा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीचा टायर साइज आणि हवेचं प्रेशर छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. पुढची सगळी गणितं या आकड्यापासून सुरू होतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळे ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे सर्वांत निर्धास्त साइज म्हणजे कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या एखाद्या प्रकारात दिलेला. टोयोटा हायलक्समध्ये कंपनीच २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ असे दोन साइज देते, आणि दोघांचा व्यास जवळजवळ सारखाच आहे. त्यापलीकडे जायचं असेल तर पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत चौकशी करा, मग ते ताडदेव असो, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली. विमा कंपनीलाही ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअर टायरवरचे आकडे वाचतो.

पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. तिला ताशी ८० चा स्पीड लिमिटर असतो, आणि तो चाकाच्या फेऱ्यांवरून वेग ओळखतो. टायर पाच टक्के मोठा झाला तर लिमिटर ८० समजतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८४ ने धावत असते. टायरचा आकडा बरोबर भरणं तिथे नियमात राहण्यासाठीच लागतं. लिमिटर काढून टाकण्याचा पर्याय कोणी सुचवला तर तिथून निघा. तीच गोष्ट ईजीआर आणि डीपीएफ (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या यंत्रणा) बंद करून देणाऱ्यांची. शिफ्ट मऊ होण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. गाडी बेकायदा होते, आणि हवा खराब होते ती वेगळीच.

२. आपली गाडी वेग कुठून घेते, ते आधी शोधा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

काही गाड्यांत वेग गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरच्या (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावरच्या) सेन्सरवरून मोजला जातो. अशा गाडीत टायरचा आकडा इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये साठवलेला असतो. काहींत वेग चारही चाकांच्या एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून येतो, आणि टायरचा आकडा एबीएस युनिटमध्ये किंवा मीटरच्या क्लस्टरमध्ये असतो. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत इंजिनची फाइल कितीही चांगली लिहिली तरी स्पीडोमीटर हलणार नाही. ट्यून करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: “माझ्या मॉडेलमध्ये टायरचा आकडा कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे आणि तुमचं टूल तिथे लिहू शकतं का?” उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा माणूस शोधा.

आता ट्यूनरचे प्रकार. हातात धरायचे जे ट्यूनर परदेशी व्हिडिओंमध्ये दिसतात, त्यातले बहुतेक फोर्ड, शेवरले, राम अशा अमेरिकन पिकअपसाठी बनलेले असतात. त्यांच्या मेनूत टायर साइज, ॲक्सल रेशो, शिफ्ट फर्मनेस (शिफ्टचा कडकपणा) असे पर्याय तयार असतात. आयात केलेली अशी गाडी तुमच्याकडे असेल तर काम सोपं आहे. इसुझू, टोयोटा, महिंद्रा, टाटा चालवणाऱ्यांना मात्र बहुधा वर्कशॉपमध्ये ओबीडी पोर्टमधून (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटमधून) फाइल वाचून, बदलून, परत लिहून घ्यावी लागते. यात आकडा बदलणारा माणूस वेगळा असला तरी मोजून देणारे तुम्हीच असायला हवं. पुढच्या पायऱ्या म्हणून दोघांनाही लागू आहेत.

तिसरा प्रकार ट्यूनिंग बॉक्सचा, ज्याला पिगीबॅक म्हणतात. स्वस्त असतो, अर्ध्या तासात बसतो, आणि या कामासाठी अजिबात उपयोगाचा नाही. तो सेन्सरचे सिग्नल बदलून इंजिनाकडून जास्त जोर काढतो, टायर साइजपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. ऑटोमॅटिक गाडीत तो नुकसानही करू शकतो. गिअरबॉक्स आतल्या क्लचवर किती तेलाचा दाब द्यायचा, हे इंजिनाने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. बॉक्समुळे इंजिन कमी टॉर्क कळवतं आणि प्रत्यक्षात जास्त देतं. दाब अपुरा पडतो, क्लच घसरतात, तेल करपतं.

मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर तुमचं काम सातव्या पायरीला संपतं.

३. जमवायचं सामान

कागदांमध्ये आरसी, चालू विमा, पीयूसी, ओनर्स मॅन्युअल, वॉरंटीचं पुस्तक, नव्या टायरचं बिल आणि दरवाजावरच्या स्टिकरचा फोटो. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिन-गिअरबॉक्सचं संरक्षण जाऊ शकतं, हे समजूनच पुढे जा.

हत्यारांमध्ये पाच मीटरपेक्षा मोठी स्टीलची फीत, खडू, स्वतःचा प्रेशर गेज, जीपीएस वेग दाखवणारं मोबाइल ॲप, आणि वेग, आरपीएम व गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान वाचणारा ओबीडी स्कॅनर. फ्लॅशच्या वेळी बॅटरीला आधार देणारा चार्जर लागेल. पेट्रोल पंपावरच्या गेजवर विसंबू नका. दोन पंपांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर यातलं बरंच काही मिळतं. पण फ्लॅश करायचं टूल मात्र नकली घेऊ नका. नकली केबलने फाइल वाचली जाते, लिहिताना अर्ध्यावर अडकते, आणि कंट्रोलर बंद पडला तर गाडी टो करून न्यावी लागते. जुना हँडहेल्ड ट्यूनर विकत घेत असाल तर तो आधीच्या गाडीच्या चासी नंबरला लॉक आहे का हे बघा. पहिल्या मालकाने स्वतःची गाडी मूळ फाइलवर आणून ट्यूनर मोकळा केलेला नसेल तर तुमच्या गाडीवर तो चालणार नाही.

४. टायरचा खरा घेर मोजा

इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं या एका आकड्यावर उभं आहे.

आधी कागदावरचं गणित. २५५/६० आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १५३ मिलिमीटर, आणि रिम १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर. व्यास = ४५७.२ + १५३ + १५३ = ७६३.२ मिलिमीटर. त्याजागी २६५/६५ आर १८ टाकला तर भिंत १७२.२५ ची होते आणि व्यास ८०१.७. भागाकार केला की १.०५ येतं, म्हणजे टायर पाच टक्क्यांनी मोठा. मीटर आधी अचूक होता असं धरलं तर तो ८० दाखवेल तेव्हा वेग ८४, १०० दाखवेल तेव्हा १०५. द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्याचं ई-चलान याच पाच किलोमीटरमध्ये लपलेलं असतं.

पण हा व्यास हवेत लटकलेल्या टायरचा. गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो आणि एका फेरीत कागदावरच्या घेरापेक्षा थोडं कमी अंतर कापतो. शिवाय एकाच छापील साइजचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात सारखे नसतात. जाड नक्षीचा ऑल-टेरेन किंवा मड-टेरेन असेल तर फरक आणखी वाढतो. म्हणून मोजायचंच.

टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी हलवण्याआधी, हवा ठरलेल्या प्रेशरला आणा. डिझेल आणि सामान नेहमी असतं तेवढं ठेवा. जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा, घरंगळली तर दुसरी जागा शोधा. मागच्या टायरच्या अगदी खालच्या बिंदूवर खडूने रेघ ओढा, तीच रेघ जमिनीवर उतरवा. मदतीला एक माणूस घ्या. गाडी डी मध्ये टाकून ब्रेक हलकेच सोडत, स्टिअरिंग सरळ ठेवून, चाकाच्या बरोबर तीन फेऱ्या पूर्ण करा. मदतीचा माणूस बाजूला, चाकाच्या वाटेबाहेर उभा राहून रेघ मोजेल. रेघ पुन्हा तळाशी आली की जमिनीवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मोजून तीनने भागा.

समजा अंतर ७ मीटर ३५ सेंटीमीटर आलं. एका फेरीचे २,४५० मिलिमीटर झाले. कागदावरच्या व्यासावरून घेर २,५१९ येतो. हा फरक पावणेतीन टक्क्यांचा आहे, म्हणजे ज्या पाच टक्क्यांच्या चुकीसाठी आपण हे सगळं करतो आहोत, तिच्या निम्म्याहून जास्त.

ट्यूनर हा आकडा वेगवेगळ्या रूपांत मागतात. घेर मिलिमीटरमध्ये मागितला तर २,४५०. दर किलोमीटरच्या फेऱ्या मागितल्या तर दहा लाखांना २,४५० ने भागा, ४०८ येतात. अमेरिकन ट्यूनर दर मैलाच्या फेऱ्या मागतो. तिथे १६,०९,३४४ ला (एका मैलाचे मिलिमीटर) घेराने भागायचं, ६५७ येतात. व्यास इंचांत मागितला तर घेराला ३.१४१६ ने आणि मग २५.४ ने भागा, ३०.७ येतो. टायरच्या दुकानात याच टायरला “साडेएकतीस इंची” म्हणतात आणि लोक तोच आकडा भरून मोकळे होतात.

ॲक्सल रेशो किंवा फायनल ड्राइव्ह असाही एक रकाना असतो. मागच्या डिफरेन्शियलमधले क्राउन-पिनियन (मागची चाकं फिरवणारी दातेरी जोडी) बदलले नसतील तर त्याला हात लावायचा नाही. टायरचा हिशोब तिथे ढकलून वेग जुळवणारे भेटतात. वेग जुळतो, पण ज्या गाडीचा कंट्रोलर तो रेशो दुसऱ्या हिशोबांतही वापरतो, तिथे नवी चूक तयार होते. अशा वेळी गिअर रेशोचा पी०७३० सारखा कोड येऊ शकतो.

५. मूळ फाइल वाचून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा

काहीही लिहिण्याआधी गाडीतली मूळ फाइल पूर्ण वाचून घ्या. एक प्रत ट्यूनरमध्ये राहील, दुसरी तुमच्या पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये. वर्कशॉपमध्ये करत असाल तर “आमच्याकडे सेव्ह आहे” यावर समाधान मानू नका, प्रत मागून घ्या. त्याच वेळी स्कॅनरने जुने फॉल्ट कोड वाचून लिहून ठेवा. आधीचा दोष आणि नंतरचा दोष वेगळा ओळखायला हीच यादी कामी येते.

६. पहिला फ्लॅश: फक्त टायरचा आकडा

ओबीडी पोर्टला लावलेली डाँगल काढा. डॅशकॅम, एसी, दिवे, म्युझिक सिस्टीम बंद. बॅटरी चार्जर जोडा, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर लिहिणं अर्धवट राहतं. इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि काम पूर्ण होईपर्यंत दरवाजेसुद्धा उघडायचे नाहीत. काही टूलना फाइल लिहिताना इंटरनेट लागतं, म्हणून बेसमेंटमध्ये, जिथे नेटवर्क येतं-जातं, तिथे बसू नका. पावसाळ्यात उघड्यावरही नको.

मेनूत इतर बरेच पर्याय मोह घालतील. पॉवर, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) रिस्पॉन्स, शिफ्ट. सगळे मूळ जागी ठेवा. टायरचा आकडा भरा, लिहा, टूल सांगेल तसं इग्निशन बंद-चालू करा. मग इंजिन सुरू करून कोड पुन्हा वाचा. फ्लॅशच्या वेळी मॉड्यूलचा संवाद तुटल्याचे कोड येतात. ते एकदा पुसले की परत यायला नकोत.

७. वेग खरा आहे का, ते रस्त्यावर बघा

मीटरच्या काट्याशी जीपीएसची तुलना करू नका. कंपन्या मीटर मुद्दाम खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवेल असा ठेवतात, म्हणजे चालक अजाणता मर्यादा ओलांडत नाही. तुलना करायची ती स्कॅनरवर दिसणाऱ्या ओबीडीच्या वेगाची आणि जीपीएसची. हे दोन जुळले, आणि काटा त्यांच्यापेक्षा दोन-तीन किलोमीटर वर राहिला, तर सगळं ठीक आहे. काटा जीपीएसला चिकटवण्याच्या नादात ओबीडीचा वेग कमी करून ठेवू नका.

यासाठी लांब, सरळ, सपाट आणि उघडं आकाश असलेला रस्ता लागतो. सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू मुंबईच्या आसपास या कामाला सर्वांत चांगला. मर्यादा ताशी १०० आहे, त्यामुळे ८० ला क्रूझ कंट्रोल लावून डाव्या लेनमध्ये आरामात जाता येतं. तिथे थांबायला मनाई आहे, म्हणून आकडे लिहायला शेजारी माणूस बसवा. गाडी चालवता चालवता मोबाइल बघायचा नाही. पहाटेचा ईस्टर्न फ्रीवेही चालतो, पण त्यातल्या बोगद्यात जीपीएस तुटतो, तेवढे आकडे सोडून द्या. कोस्टल रोडचं तेच. लोअर परळच्या उंच इमारतींमध्येही जीपीएसचा वेग उड्या मारतो, तिथे तपासण्यात अर्थ नाही.

ओबीडी ८० आणि जीपीएस ८२ दाखवत असेल तर भरलेल्या घेराला ८२/८० ने गुणा: २,४५० चे २,५११ होतील. तो आकडा भरून पुन्हा तपासा. ओडोमीटर पडताळायचा असेल तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे किलोमीटरचे दगड धरून दहा किलोमीटर मोजा.

८. आता शिफ्ट

पुष्कळ जणांना इथे धक्का बसतो: वेग बरोबर झाल्यावर शिफ्ट आधीपेक्षा वाईट वाटू शकते. गाडी कमी आरपीएमला वरचा गिअर टाकते आणि इंजिन दबल्यासारखं घुमतं. यात ट्यूनरचा दोष नसतो. का होतं ते समजून घ्या.

ज्या गाड्यांत शिफ्टचा तक्ता (कुठल्या वेगाला कुठला गिअर टाकायचा याचा) किलोमीटर प्रतितासात लिहिलेला असतो, तिथे समजा हलक्या पायाने चौथ्याचा पाचवा ५६ ला पडतो. मूळ टायरवर शिफ्टच्या क्षणी, चौथ्यात, आरपीएम १,७०० असायचा. पाच टक्के मोठ्या टायरवर खऱ्या ५६ ला तो १,६२० च्या आसपासच असतो. आकडा चुकीचा होता तोवर गाडी खऱ्या ५९ ला शिफ्ट करत होती, म्हणून आरपीएम योगायोगाने बरोबर येत होता. आता वेग खरा झाला, तेव्हा तक्तासुद्धा टायरच्या त्याच गुणोत्तराने वर न्यायचा. ५६ चे ५९. खाली उतरण्याचा, पाचव्याचा चौथा, ४६ ला असेल तर ४८. वरचा आणि खालचा दोन्ही एकाच गुणोत्तराने हलवायचे. फक्त खालचा वाढवला तर दोघांमधलं अंतर कमी होतं आणि गिअरबॉक्स चौथा-पाचवा-चौथा करत बसतो.

ज्या गाड्यांत तक्ता आउटपुट शाफ्टच्या आरपीएममध्ये असतो, तिथे टायरच्या आकड्याने शिफ्टवर काही परिणाम होत नाही. तो तक्ता तसाच सोडा. तुमचा प्रकार कुठला, हे फाइल उघडणाऱ्याला एका नजरेत दिसतं, विचारा.

टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलावर चालणाऱ्या जोडणीचं) लॉकअप, म्हणजे ती जोडणी थेट पकडली जाणं, कधी लागतं ते वेगळं तपासा. स्थिर वेगात, पाय न हलवता आरपीएम थोडा खाली येऊन चिकटतो, तो लॉकअप. त्या क्षणी गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरली तर लॉकअप फार कमी वेगाला लागतं आहे. तोही वेग टायरच्या गुणोत्तराने वाढवा. तरीही थरथर राहिली तर कारण बहुधा तेलात आहे, फाइलमध्ये नाही.

घाट हा वेगळा विषय. मोठ्या टायरमुळे चाकावर पोहोचणारा जोर त्याच प्रमाणात कमी होतो, आणि टायर जडही असतो. खंडाळ्याला किंवा कसाऱ्याला गाडी म्हणून जास्त वेळा गिअर उतरवते. जास्त थ्रॉटलच्या रकान्यांत शिफ्ट वर आणि शिफ्ट खाली यांच्यातलं अंतर थोडं वाढवलं की हे शांत होतं. वर्षातून चार वेळा घाट चढणाऱ्याने तक्ता बदलण्याऐवजी मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवावा, माझं मत हेच.

आता सर्वांत मोठा सापळा, शिफ्ट फर्मनेस किंवा लाइन प्रेशर (क्लचवरच्या तेलाचा दाब). दाब कमी केला की शिफ्ट लोण्यासारखी मऊ वाटते. ती मऊ वाटते कारण क्लच पकडण्याआधी जास्त वेळ घसरतात. दादरहून ठाण्यापर्यंतच्या गर्दीत पहिला-दुसरा असा सतत खेळ चालतो, तेल आधीच तापलेलं असतं, आणि त्यात हे घसरणं. गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ यायला फार दिवस लागत नाहीत. दुसऱ्या टोकाला, दाब फार वाढवला तर प्रत्येक सिग्नलला गाडी किक मारते. दाब कंपनीचा होता तोच ठेवा. नियमित जड माल भरत असाल किंवा ट्रेलर ओढत असाल तर एक पायरी वर, बस. शिफ्टच्या वेळी इंजिनचा जोर क्षणभर कमी करणारी जी व्यवस्था असते, तीही बंद करू नका. काही जण “ताबडतोब रिस्पॉन्स” म्हणून ती शून्य करून देतात. शिफ्ट खरोखर गुळगुळीत होते ती या व्यवस्थेमुळे आणि योग्य आरपीएममुळे.

तरीही पहिल्याचा दुसरा झटक्याने पडत असेल तर फाइल बाजूला ठेवून इंजिन माउंट, गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि रंग बघा. तेल काळं आणि करपट वासाचं असेल तर कुठलाही ट्यून त्यावर उपाय नाही.

९. गिअरबॉक्सला नव्याने शिकू द्या

आधुनिक ऑटोमॅटिक प्रत्येक शिफ्टला लागलेला वेळ लक्षात ठेवून दाब थोडा थोडा सुधारत राहतो. फ्लॅशनंतर ट्यूनरमध्ये किंवा स्कॅनरमध्ये ॲडाप्टेशन रीसेटचा पर्याय असेल तर वापरा, पण रीसेटनंतर गाडी लगेच संध्याकाळच्या वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर नेऊ नका. गर्दीत ती पहिल्या दोन गिअरपलीकडे जात नाही आणि अर्धवट शिकते.

आधी वीस-पंचवीस मिनिटं चालवून तेल साधारण ७० ते ९० अंशांवर आणा, स्कॅनरवर ते दिसतं. मग हलक्या, स्थिर पायाने शेवटच्या गिअरपर्यंत जा, पाय काढून गाडी आपोआप मंदावू द्या, हळू ब्रेक लावून पूर्ण थांबा, काही सेकंद थांबून पुन्हा. हे बरेचदा करायचं. नंतर हेच थोड्या जास्त थ्रॉटलने. थांबत-निघत करायला जागा लागते, म्हणून सेतू किंवा फ्रीवे इथे उपयोगाचे नाहीत. रविवारी सकाळी सातच्या आत बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) मोकळं असतं, पण तिथे वरचे गिअर येत नाहीत. नवी मुंबईचा पाम बीच रोड सिग्नलमुळे सोयीचा पडतो, मात्र वेगमर्यादा पाळून. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर शिफ्ट बदलत राहील. त्या काळात फाइलमध्ये काही हलवू नका.

१०. नंतरची काळजी

सर्व्हिसला जाताना ॲडव्हायझरला ट्यूनबद्दल स्पष्ट सांगा. त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट टाकलं तर तुमची फाइल पुसली जाते, आणि टायरचा आकडा मूळ होतो. तेव्हा जुनी बदललेली फाइल परत ढकलू नका. अपडेटनंतरची नवी मूळ फाइल आधी वाचायची, तिच्यात तेच आकडे भरायचे. म्हणून घेर, शिफ्टचे वेग, लॉकअपचा वेग हे सगळं एका वहीत तारखेसह लिहून ठेवा.

टायर झिजतात तसा घेरही कमी होतो. नक्षी निम्मी उरली की एकदा जीपीएसने वेग पुन्हा बघा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, सारख्या झिजेचे ठेवा, कारण फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या घेरातला फरक ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या भागावर) ताण आणतो. आणि पाचवा टायर, स्टेपनी, त्याच साइजची घ्या. जुन्या साइजची स्टेपनी मागच्या चाकाला लावली तर एका ॲक्सलवर दोन वेगळे घेर येतात, एबीएसचा दिवा लागू शकतो आणि डिफरेन्शियल सतत फिरत राहतो. नाइलाजाने लावावी लागलीच तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये, कमी वेगाने, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच.